कार्ल्याचा उजेड आणि ग्राफिक्स कार्डाची परीक्षा

सुदुंबरे, तळेगाव, लोणावळा या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली, त्याला आता बरीच वर्षे झाली. तिथल्या वसतिगृहात कुणाकडे चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप आला, की पहिले काम ठरलेले असते. एखादा बेंचमार्क डेमो चालवायचा आणि सगळ्यांनी भोवती गोळा व्हायचे. लिनक्स टाकलेले असेल तर तो डेमो बहुधा ‘युनिजाइन हेवन’ किंवा ‘युनिजाइन व्हॅली’ असतो. सायबेरियातल्या तोम्स्क शहरातून पुढे आलेल्या युनिजाइन कंपनीने हेवन २००९ साली काढला आणि व्हॅली २०१३ साली. हेवनमध्ये आकाशात तरंगणारे बेट आहे, फरसबंदीची गल्ली आहे, हवेत लटकलेले जहाज आहे, चौकात ड्रॅगनचा पुतळा आहे. टेसेलेशन सुरू केले की ड्रॅगनच्या पाठीवरचे काटे वर येतात, सपाट दिसणाऱ्या पायऱ्यांना उंची येते. व्हॅलीत चौसष्ट चौरस किलोमीटरचे डोंगर, झाडी आणि फुले आहेत. कॅमेरा त्यांच्यावरून संथपणे फिरतो आणि शेवटी पडद्यावर एक आकडा उमटतो.

कार्डाने किती वेगाने चित्रे काढली, एवढेच त्या आकड्यातून कळते. ती चित्रे किती खरी, याचा त्यात मागमूस नसतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. दृश्य वास्तवदर्शी असल्याचे सांगायचे आणि ते वास्तवाशी कधीच ताडून बघायचे नाही, ही रीत या क्षेत्रात इतकी मुरली आहे की तिच्यात काही चुकते असे कुणाला वाटतही नाही. ती मोडायला हवी. त्यासाठी लागणारी साधने लिनक्सवर फुकट मिळतात, आणि ताडून बघायला लागणारे वास्तव याच मावळ पट्ट्यात आहे.

आधी आकड्याकडे पाहू, कारण तोसुद्धा दिसतो तितका सरळ नाही.

सेकंदाला सरासरी ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. पण एका सेकंदात ५९ फ्रेम दहा-दहा मिलिसेकंदांत निघाल्या आणि एकच फ्रेम चारशे मिलिसेकंद अडकून बसली, तरी सरासरी साठच्या घरातच येते. बघणाऱ्याला मात्र तो झटका लख्ख जाणवतो. म्हणून लिनक्सवर मँगोहडसारखे साधन लावून प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची रेघ बघावी. रेघ सपाट असेल तर काम ठीक चालले आहे, आणि सुळके दिसत असतील तर सरासरीने काहीतरी झाकले आहे. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक घोटाळा नेहमी होतो. वेगळी सूचना दिली नाही, तर लिनक्स बहुतेक वेळा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सलाच कामाला लावते आणि महागाचे कार्ड नुसते पडून राहते. ड्रायव्हर नीट बसला नसेल तर मेसाचे ‘एलएलव्हीएमपाइप’ सगळे चित्र प्रोसेसरकडून काढून घेते. मग ‘लिनक्सवर ग्राफिक्स रडते’ असा बोभाटा होतो. चित्र काढणारा रेंडरर म्हणून कोणाचे नाव येते, हे वाचल्याशिवाय तो निकाल कुणालाही सांगू नये.

या झाल्या अजाणतेपणी होणाऱ्या चुका. जाणूनबुजून केलेल्यांचा इतिहास याहून बोलका आहे.

२००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० या कार्डाची ‘क्वेक ३’ या खेळावर चाचणी होत होती. कुणीतरी खेळाच्या फाइलीचे नाव बदलून ‘क्वॅक’ केले आणि वेग घसरला, चित्राचा दर्जा मात्र सुधारला. याचा अर्थ उघड होता. ड्रायव्हर खेळाचे नाव ओळखत होता आणि नाव जुळले की वेग वाढवण्यासाठी चित्राची गुणवत्ता उतरवत होता. दोन वर्षांनी याहून मोठे प्रकरण निघाले. फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीचा ‘थ्रीडीमार्क ०३’ हा त्या काळचा सर्वमान्य बेंचमार्क होता. त्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच जातो, त्यामुळे कोणत्या क्षणी काय दिसणार हे आधीच ठाऊक असते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने याचा फायदा घेतला. वाटेवरून जे दिसणार नाही, ते काढायचेच नाही. नेहमीच्या आवृत्तीत हे कुणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते. पण मोजक्या लोकांना मिळालेल्या विकसकांच्या आवृत्तीत कॅमेरा थांबवून बाजूला वळवता येत होता. तो वळवल्याबरोबर चित्र फाटले, मागची पार्श्वभूमी पुसलीच जात नव्हती. मे २००३ मध्ये फ्यूचरमार्कने तपासणी करून या युक्त्या बंद पाडणारी दुरुस्ती काढली, आणि एनव्हिडियाच्या चाचणीतल्या कार्डाचा स्कोअर सुमारे २४ टक्क्यांपर्यंत खाली आला. एटीआयचाही दोनेक टक्क्यांनी उतरला. पुढे जूनमध्ये फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांचे संयुक्त निवेदन आले आणि त्यात फसवणूक हा शब्द मागे घेतला गेला.

लबाडी पकडली गेली ती कॅमेरा हवा तिकडे वळवण्याची मोकळीक काही जणांच्या हाती होती म्हणून. ती मोकळीक कुणालाच नसती तर तो आकडा आजही खरा मानला गेला असता. परीक्षेचे दार जितके उघडे, तितका तिचा निकाल भरवशाचा, हे त्या प्रकरणाने सिद्ध केले. दुर्दैवाने बेंचमार्क बनवणाऱ्या बहुतेकांनी त्यातून घ्यायचा तो धडा पुरता घेतला नाही. हेवन आणि व्हॅली लिनक्सवर चालतात खरे, पण त्यांच्या आत काय चालते हे आपल्याला बघता येत नाही.

लिनक्सच्या बाजूने मात्र एक दार सताड उघडे आहे. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली सुरू केलेला मेसा हा प्रकल्प आज लिनक्सवरच्या इंटेल आणि एएमडी कार्डांचा मुख्य आधार आहे, आणि त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. मेसाबरोबर सेटिंगची एक साधी फाइल येते. ती उघडून बघण्यासारखी आहे, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. त्या फाइलीत ओळीने प्रोग्रॅमची नावे आहेत आणि प्रत्येक नावाखाली एक-दोन सवलती. त्या नावांत युनिजाइन हेवन आहे, व्हॅली आहे, सँक्चुअरी आहे. पहिल्यांदा वाचणारा दचकतो, कारण प्रोग्रॅमचे नाव ओळखून वेगळे वागण्याचा २००१ सालचा ‘क्वॅक’चा प्रकार त्याला आठवतो. पण सवलत कसली आहे ते वाचले की शंका फिटते. ओपनजीएलच्या नियमाप्रमाणे शेडरमध्ये, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, जादा सुविधांची मागणी सगळ्यात वर, बाकीच्या कोडच्या आधी लिहायची असते. हेवनच्या शेडरमध्ये ती मध्येच येते. काटेकोर ड्रायव्हर असा शेडर नाकारेल आणि डेमो चालणारच नाही. म्हणून फाइलीत लिहिले आहे, की या प्रोग्रॅमपुरते हे मध्येच आलेले चालवून घे. ही सवलत मेसा देतो तेव्हा ती कुणाला, कशासाठी दिली हे सगळ्यांसमोर असते. पटत नसेल तर ती ओळ पुसून डेमो पुन्हा चालवावा आणि काय होते ते बघावे. कोणत्याही बंद ड्रायव्हरमध्ये अशी यादी असणारच, पण ती वाचायची सोय आपल्याला नाही. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये लिनक्ससाठीच्या आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, हे चांगलेच झाले. चित्र काढण्याचा खरा कारभार ज्या वरच्या भागात चालतो, तो तेव्हा बंदच राहिला.

मेसाची ही उघडी फाइल वाचताना मला सुदुंबऱ्याची आठवण होते. या गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे, ही संताजींची ओळख मावळात शाळकरी पोरालाही माहीत असते. तुकोबांचा गाथा छापण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले, त्यात शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखालची सरकारी मदतीची आवृत्ती प्रसिद्ध आहे. तरीही पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे संताजींच्या वह्यांकडे वळले आणि त्यांतला पाठ त्यांनी छापला. कारण पाठात फरक आढळला, की जुन्या वहीशी ताडून बघावे लागते. पाठाचा अभ्यास करणारा कुठलाही माणूस हेच करतो, आणि वही हाती असल्यानेच ते करता येते. ग्राफिक्सच्या क्षेत्रात आपण चित्रांचे एवढे कौतुक करतो, पण ताडून बघण्यासाठी मूळ काय, हा प्रश्नच विचारत नाही.

तो प्रश्न या क्षेत्राच्या सुरुवातीच्या माणसांनी विचारला होता. १९८४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सिंडी गोराल, केनेथ टॉरन्स, डोनाल्ड ग्रीनबर्ग आणि बेनेट बॅटेल यांनी एका पेटीचे चित्र गणिताने काढले. पेटी म्हणजे रिकाम्या खोलीसारखा ठोकळा. भिंती पांढऱ्या, पण एक लाल आणि एक निळी. उजेड पडला की रंगीत भिंतींची झाक पांढऱ्या पृष्ठभागांवर उतरते. ही झाक गणितातून नीट येते का, हे बघायला त्यांनी तशी खरी पेटी बनवली, तिचा फोटो काढला आणि चित्राशेजारी ठेवला. दोन वर्षांनी त्याच विद्यापीठातल्या गटाने पुढचे पाऊल टाकले. खऱ्या पेटीचे दृश्य आणि संगणकाने काढलेले चित्र, दोन्ही कॅमेऱ्याच्या काचेतून लोकांना दाखवली आणि खरे कोणते ते विचारले. लोकांची उत्तरे नुसत्या अंदाजापेक्षा सरस ठरली नाहीत. वास्तवदर्शी म्हणण्याचा अधिकार अशा परीक्षेतून मिळतो. त्याच १९८६ साली जिम काजिया यांनी आजही वापरात असलेले रेंडरिंगचे समीकरण मांडले. कुठल्याही बिंदूवरून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा उजेड, अधिक चारी दिशांनी त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातला जो भाग तो आपल्याकडे परतवतो, त्या सगळ्याची बेरीज. आणि त्याच्यावर पडणारा उजेडही दुसऱ्या कुठल्यातरी बिंदूवरून परतलेलाच असतो.

हे समीकरण सोडवायचे तर संगणक यादृच्छिक दिशांनी किरण सोडतो आणि त्यांची सरासरी काढतो. किरण कमी पडले की चित्रावर वाळूसारखे दाणे दिसतात. दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. हे गणित कोणत्याही कार्डाला चुकलेले नाही. म्हणून आता दाणे पुसणारे प्रोग्रॅम आले. इंटेलने २०१९ साली खुला केलेला ‘ओपन इमेज डिनॉइज’ त्यांतला एक आहे, आणि तो ब्लेंडरमध्येही आहे. तो थोड्या किरणांच्या चित्रावरून पुरे चित्र कसे असेल याचा शिकवलेला अंदाज बांधतो. अंदाज बहुतेक वेळा सुरेख असतो. पण अंधाऱ्या कोपऱ्यात जिथे किरण पोचलेच नाहीत, तिथे कोरीव काम आहे की नुसता ओबडधोबड दगड, हे त्याला कळणार कसे? तो गुळगुळीत काहीतरी भरतो. एनव्हिडियाच्या २०२२ सालच्या डीएलएसएस ३ पासून तर दोन फ्रेमच्या मधली फ्रेमच कार्ड कल्पनेने तयार करते, आणि ती पडद्यावरच्या आकड्यात मोजली जाते. वेग मोजणारी परीक्षा या सगळ्याला बक्षीस देते. खरेपणा मोजणारी परीक्षा असती, तर कोणती फ्रेम मोजायची यावर निदान वाद तरी झाला असता.

मग खरेपणाची परीक्षा कशावर घ्यायची? जगभरचे ग्राफिक्सवाले उजेडाचा नवा हिशेब मांडला की तो ‘स्पॉन्झा’वर चालवून दाखवतात. स्पॉन्झा हा क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहरातला सोळाव्या शतकातला राजवाडा. त्याच्या खांबांच्या चौकाचे प्रतिरूप मार्को दाब्रोविच यांनी दोन हजारनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बनवून मोकळे सोडले. २०१० मध्ये क्रायटेकने त्यात भर घातली, २०२२ मध्ये इंटेलने ते नव्याने घडवले. एका माणसाने एक खरा चौक प्रतिरूपात उतरवून जगाला दिला आणि जगभरच्या उजेडाची परीक्षा त्या चौकात होऊ लागली. त्यामागे ना सरकार होते, ना मोठी संस्था. हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सुदुंबऱ्याहून तासाभराच्या अंतरावर स्पॉन्झापेक्षा कितीतरी अवघड आणि कितीतरी जुनी परीक्षा दगडात कोरलेली आहे.

मळवली स्टेशनवरून कार्ल्याचा डोंगर चढून गेले की एकवीरा आईच्या देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. इसवी सनाच्या आगेमागे कोरलेले, भारतातले सगळ्यात मोठे कोरीव चैत्यगृह. लांबी १२४ फूट, रुंदी ४५ फुटांच्या आसपास, आणि उंचीही जवळजवळ तेवढीच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, स्तूपामागे साधे अष्टकोनी सात. बाजूच्या खांबांच्या पायाशी घट, माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत, त्या मूळच्या, दोन हजार वर्षांच्या. स्तूपावर लाकडी छत्र आहे.

या दालनात दिवा नाही. उजेड येतो तो आधी बाहेरच्या ओवरीच्या दगडी पडद्यातून, म्हणजे येतानाच तो विखुरलेला असतो. मग तो दारांच्या वरच्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या कमानीतून एकवट आत शिरतो. मधल्या दालनावर आणि स्तूपावर तो सरळ पडतो. खांबांमागच्या अरुंद वाटेत पोचतो तो जमिनीवरून, खांबांवरून, समोरच्या भिंतीवरून परतून आलेला. मधून येऊन त्या वाटेत उभे राहिले की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. दोन-तीन मिनिटे डोळे स्थिरावू द्यावे लागतात, मग हत्तीच्या गंडस्थळाची गोलाई दिसू लागते, सोंडेखाली सावली दिसते, आणि ती सावलीही पुरती काळी नसते. वर फासळ्यांच्या मधला दगड फासळ्यांहून किंचित उजळ असतो. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने भारतीय वास्तुकलेचा अभ्यास करताना एकाच कमानीतून उजेड आणण्याच्या या योजनेची मनापासून प्रशंसा केली होती.

रेंडरिंगच्या दृष्टीने बघाल तर यात सगळे अवघड एकत्र आले आहे. उजेडाचे तोंड लहान, म्हणून यादृच्छिक सोडलेले बहुतेक किरण त्या कमानीपर्यंत पोचतच नाहीत आणि चित्रावर दाणेच दाणे येतात. अर्धे दालन केवळ परतलेल्या उजेडावर दिसते, तेव्हा एक-दोन उसळ्यांवर हिशेब थांबवणारा प्रोग्रॅम तिथे उघडा पडतो. अंधारातले कोरीव हत्ती दाणे पुसणाऱ्याची परीक्षा घेतात. त्याने सोंडेच्या जागी सपाट डाग काढला, तर फोटोशेजारी ठेवल्यावर लपवायला जागा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हे दालन खरे आहे. हेवनचा ड्रॅगन कसा दिसायला हवा हे कुणी सांगू शकत नाही. कार्ल्याचा खांब दुपारी तीन वाजता कसा दिसतो, हे तिथे जाऊन सांगता येते. कॅमेऱ्याने एकाच जागेवरून कमी-जास्त वेळाचे अनेक फोटो काढून, करड्या रंगाचा ठरावीक पुठ्ठा चौकटीत ठेवून, प्रत्येक भागावरचा उजेड आकड्यात मांडता येतो.

मावळात दुसरीही एक परीक्षा आहे, तिला तिकीट नाही की परवानगी नाही. ती म्हणजे पाऊस. लोणावळ्याला कोसळणारा पाऊस पूर्वेला सुदुंबऱ्याकडे सरकताना झपाट्याने ओसरतो, त्यामुळे थोडक्या अंतरात ओल्या कातळाची सगळी रूपे बघायला मिळतात. ओला दगड कोरड्यापेक्षा गडद का दिसतो? त्याच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो. दगडावरून उसळलेला उजेड बाहेर पडू पाहतो, पण पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावर आपटून त्यातला काही पुन्हा दगडाकडे जातो आणि तिथे शोषला जातो. वरून त्याच पाण्याला चकाकी येते. म्हणजे दगड एकाच वेळी अधिक काळाही होतो आणि अधिक चमकतोही. बहुतेक डेमोंमध्ये ओले दाखवायचे म्हणजे चकाकी वाढवायची, एवढेच होते. मग रस्ता तेल सांडल्यासारखा दिसतो. इंद्रायणी भाताच्या खाचरातले गढूळ पाणी, बांधावरचे शेवाळ, घाटातले धुके, यांत उजेड पदार्थाच्या आत शिरून अनेकदा वळतो. असले दृश्य नीट काढणारा प्रोग्रॅम जगात कुठेही नीटच चालेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की बेंचमार्क म्हणजे कार्डाला घाम फोडायचे साधन, दृश्य तोम्स्कचे असो की कार्ल्याचे, गणित तेच. हे अर्धे खरे आहे. गुणाकार तेच, पण कोणते गुणाकार जास्त लागतील हे दृश्य ठरवते, आणि कंपन्या मेहनत घेतात ती ज्यावर मोजले जाते त्यावर. हेवनने टेसेलेशनला पुढे आणले, कारण त्यात काटे आणि पायऱ्या होत्या. परीक्षेत परतलेला उजेड आणि ओला दगड असतील, तर मेहनत तिकडे वळेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खुला बेंचमार्क तर आहेच की, ब्लेंडरचा. हो, आहे, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. २००२ साली लोकवर्गणीने मुक्त झालेल्या ब्लेंडरचा कोड खुला आहे, लिनक्सवर तो उत्तम चालतो, बेंचमार्कची दृश्ये उतरवून घेता येतात, निकाल सगळ्यांसाठी जाहीर असतात. पण त्याचा निकालही मिनिटाला किती नमुने झाले, एवढाच. त्याच्या एका दृश्यात वर्गखोली आहे, फार सुंदर आहे. ती खोली कुठली, तिच्या खिडकीतून खरोखर किती उजेड येतो, हे विचारायला जागा नाही. माझी मागणी ब्लेंडर सोडण्याची नाही. त्याच्या शेजारी खरी जागा ठेवावी, एवढीच आहे.

तिसरे कुणीतरी पैशाचे विचारेल, की एवढ्या हिशेबाला महागडे यंत्र लागेल ना? पुण्यातल्या सी-डॅकमध्ये परम सिद्धी हा महासंगणक आहे. एनव्हिडियाच्या ए१०० कार्डांवर उभा असलेला हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्या यादीतला प्रत्येक महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतो, आणि क्रमांक ठरवणाऱ्या चाचणीचा कोड कुणालाही उतरवून घेता येतो. पण कार्ल्याच्या उजेडासाठी महासंगणक लागत नाही. प्रयोगशाळेतले दहा-बारा वर्षांचे एएमडी कार्डही मेसावर व्हल्कन ही नव्या पिढीची ग्राफिक्स पद्धत चालवते. त्याच वयाच्या एनव्हिडियाच्या केप्लर कार्डांचा आधार कंपनीने २०२१ मध्ये आपल्या ड्रायव्हरच्या नव्या मुख्य आवृत्त्यांतून काढून टाकला. जुने कार्ड हळू चालेल, रात्रभर चालेल. खरेपणा मोजायचा असेल तर हळू चालण्याने काही बिघडत नाही, कारण सकाळी चित्र फोटोशी जुळते की नाही एवढेच बघायचे असते. गरीब प्रयोगशाळेला या परीक्षेत श्रीमंत प्रयोगशाळेच्या बरोबरीने बसता येते, आणि हे मला या कल्पनेतले सगळ्यात मोलाचे वाटते.

हे काम शिकून मुलांना पोट भरता येईल का, हेही विचारायला हवे. मुंबई-पुण्याच्या व्हीएफएक्स स्टुडिओंमध्ये चित्रपटांची दृश्ये रेंडर करणारी यंत्रे बहुतांशी लिनक्सवर चालतात. चित्रीकरणातला उजेड आणि संगणकातला उजेड जुळवणे, हेच तिथले रोजचे काम असते. ज्याने खऱ्या जागेचा उजेड मोजून तो पडद्यावर जुळवला आहे, त्याला ते काम पहिल्या दिवसापासून समजेल. नुसता स्कोअर बघून खूश झालेल्याला तिथे सगळे नव्याने शिकावे लागते.

कार्ले हे संरक्षित स्मारक आहे. तिथे तिपाई लावून फोटो काढायला किंवा ड्रोन उडवायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि ती रीतसर मागायलाच हवी. फोटोंवरून त्रिमित प्रतिरूप बनवणारे कोलमॅप आणि मेशरूम दोन्ही लिनक्सवर चालतात आणि खुले आहेत. परवानगी येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. कॉर्नेलची पेटी पुठ्ठ्याची होईल. आतून पांढरा रंग, एक बाजू लाल, एक निळी, वर एक बल्ब, समोर मोबाइलचा कॅमेरा. एका शनिवारच्या प्रॅक्टिकलचे काम आहे. पेटीचा फोटो आणि ब्लेंडरमध्ये काढलेले चित्र शेजारी ठेवायचे, फरक प्रत्येक बिंदूला मोजायचा, आणि फाइल, मोजमापे, चुका सगळ्यांसाठी मोकळ्या सोडायच्या. पावसाळ्यात वर्गाबाहेरच्या ओल्या फरशीवर तेच करायचे. मग एक दिवस खांबांमागच्या त्या अंधाऱ्या वाटेत.

सुदुंबरे, तळेगाव आणि लोणावळ्याच्या महाविद्यालयांत संगणक ग्राफिक्स शिकवणाऱ्या सर्व प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की येत्या सत्रात ‘बेंचमार्क चालवा आणि स्कोअर लिहा’ हे प्रॅक्टिकल असेल तर ते काढून त्याजागी पेटीचे ठेवावे.